दहा भागांत एक भाग

बी.एस्सी. झाल्यावर सोलापुरात मला पहिली नोकरी लागली ती एका आयुर्वेदिक औषधशाळेत, आणि तिथलं माझं मुख्य काम होतं भांग तोलणं. घरी मी 'औषधं तोलते' एवढंच सांगायची. वडील पोस्टात होते. मुलगी भांगेच्या पोत्याशी बसते हे त्यांना समजलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला मास्तरणीच्या नोकरीचा अर्ज भरायला लावला असता.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, पण त्या काळात मिळेल ते पाणी प्यालेल्या लोकांची पोटं अजून ताळ्यावर आली नव्हती. जुनाट हगवण, आव, जेवलं की लगेच धावावं लागणं, अशा तक्रारी घेऊन माणसं बाळी वेशीतल्या आमच्या वैद्यांकडे यायची. वैद्य साठीचे होते. उंच, काटकुळे, पांढऱ्या सदऱ्यावर नेहमी कसल्यातरी चूर्णाचा डाग. पुढच्या खोलीत ते रोगी तपासत आणि मागच्या तीन खोल्यांत औषधं तयार होत.

या पोटाच्या दुखण्यावर त्यांचं एक चूर्ण होतं. जायफळ, लवंग, वेलची, सुंठ, नागकेशर, साखर आणि भांग. जुन्या ग्रंथातलाच योग तो, फक्त ग्रंथात भांग पुष्कळ आहे आणि आमच्या चूर्णात कमी. कारण ग्रंथ लिहिणाऱ्याला परवाना लागत नव्हता, आम्हाला लागत होता. राज्यात नशाबंदी होती. भांग घातलेलं औषध करायचं तर ते औषधच राहिलं पाहिजे, नशेसाठी कुणाला वापरता येता कामा नये, असा नियम. आमच्या परवान्यावर त्याचा हिशेब लिहून दिला होता: दहा भाग चूर्णात भांग एक भाग. त्यापुढे गुंजभरही नाही.

तो एक भाग बरोबर आहे की नाही हे बघायला वैद्यांना शिकलेलं माणूस हवं होतं. जाहिरात वाचून मी गेले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तराजूचा काटा थरथरत असेल तर काय करता?"

"थांबते," मी म्हटलं.

"या उद्यापासून," ते म्हणाले.

भांगेच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली वैद्यांकडे, दुसरी नशाबंदी खात्याच्या इन्स्पेक्टरकडे. चूर्णाचा नवा घाणा घालायचा, म्हणजे नवा माल एकदम करायचा असला, की इन्स्पेक्टरला निरोप जायचा. ते सायकलवरून यायचे, दोन्ही कुलपं उघडायची, मी त्यांच्यादेखत भांग तोलायची, ते वहीत सही करायचे. मध्यमवयीन, सभ्य माणूस. चहा विचारला तर घ्यायचे नाहीत, पण पाणी मागून प्यायचे. भांग तोलून झाली की ती फडक्यात बांधून पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची, पाणी हिरवं यायचं थांबेपर्यंत. मग वाळवायची आणि गाईच्या तुपावर मंद भाजायची. भाजताना जो वास सुटायचा तो माझ्या साडीला संध्याकाळपर्यंत असायचा. आई विचारायची, "कसला गं हा वास?" मी म्हणायची, "सुंठीचा."

धुणं, भाजणं, कुटणं हे सगळं एक बाई करायच्या. त्यांचे मालक हातमागावर होते. घरी तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी. वीस वर्षं त्या तिथं उखळाशी होत्या. चूर्ण चिमटीत धरून कोणतं औषध कच्चं, कोणतं जळलं हे त्या डोळे मिटून सांगायच्या. मला लिहिता-वाचता येतं याचं त्यांना कौतुक होतं आणि मला चिमटीतलं काही कळत नाही याचं हसू यायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर भांगेचं नवं पोतं आलं. परवानाधारक व्यापाऱ्याकडून, शिक्का मारलेलं, सगळं रीतसर. इन्स्पेक्टर आले, मी तोललं, त्यांनी सही केली आणि ते गेले. बाई पाला निवडायला बसल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली.

"बाई, हितं या की जरा. ह्ये बगा."

त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बोटांवर काळपट हिरवा थर बसला होता.

"पाला लई चिकट हाय. डिंकावानी. आदीचा असा नव्हता. आन् ह्ये बोंडं बगा किती हायेत ह्याच्यात."

मी मूठभर पाला हातात घेतला. खरंच चिकट होता. नेहमीचा पाला कोरडा, चुरचुरीत असायचा. याच्यात पानांबरोबर फुलोऱ्याचे तुकडे होते, छोट्या छोट्या घट्ट गुंडाळ्या. रसायनशास्त्र शिकलेल्या मला हे ठाऊक असायला हवं होतं की झाडाचा कैफ पानात थोडा आणि फुलोऱ्यात पुष्कळ असतो. नव्हे, ठाऊक होतंच. गांजा आणि भांग यांत फरक तोच, आणि कायद्यातही ती दोन वेगळी नावं आहेत. पण वहीत सही झालेली होती. पोत्यावर शिक्का होता. वजन बरोबर होतं.

"वजन बरोबर आहे ना," मी म्हटलं. "निवडून टाका ती बोंडं."

"सगळी कुटं निघत्यात? चुरा झालाय की त्येंचा."

"निघतील तेवढी काढा."

त्यांनी काढली. वैद्यांना मी काही सांगितलं नाही. ते आपली किल्ली माझ्याकडे ठेवून चार दिवसांसाठी अक्कलकोटला गेले होते. परत आले तोवर चूर्ण बाटल्यांत भरून झालं होतं आणि नियमाप्रमाणे इन्स्पेक्टरनी पुन्हा येऊन नमुन्याच्या तीन पुड्यांना मोहोर लावली होती. दोन खात्यासाठी, एक आमच्याकडे. सांगण्यासारखं काही उरलं नाही असं मी स्वतःला समजावलं.

आमच्या जुन्या रोग्यांत एक गुरुजी होते. मूळचे दुधनीचे, घरात कानडी, पण मराठी शाळेत तीस वर्षं चौथीला गणित शिकवत होते. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी सगळं तोंडपाठ, आणि त्यांच्या वर्गातून गेलेल्या मुलांनाही ते तोंडपाठ असायचं. बिडी नाही, तंबाखू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. दुष्काळात त्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. शिकवता शिकवता वर्ग सोडून जावं लागायचं, त्याची त्यांना फार लाज वाटे. वैद्यांच्या चूर्णानं गेल्या वर्षभरात त्यांना उतार पडला होता. दुपारी जेवणानंतर ताकातून अर्धा चमचा, एवढंच ते घेत.

नव्या घाण्यातली बाटली त्यांनी नेली त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या मंडळी औषधशाळेत आल्या. एकट्या, डोक्यावर पदर, हातात ती बाटली. वैद्य रोगी तपासत होते. मंडळींनी बाटली त्यांच्यासमोर मेजावर ठेवली.

"वैद्य, हे काय दिलात आमच्या मालकास्नी?"

वैद्यांनी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"काल दुपारी शाळेत हसालेत म्हणे. एकटेच. थांबंनात. पोरं भ्याली की. मग खाली बसले, पाणी मागितले, पिले, परत मागितले. पिलेलं ध्यानातच नाही. हेडमास्तर आले, आणि त्याच टायमाला कमिटीतले एकजण आले होते. त्यांनी डोळे बघितले, लाल. टांग्यात घालून घरी पाठवले. लोकं काय बोलालेत माहीत हाय का? पिऊन शाळेत आले म्हणालेत."

"वास?" वैद्यांनी विचारलं. "तोंडाला दारूचा वास होता का?"

"कुठला वास! ताकाचा वास. मीच दिले ताक, कालच फोडलेल्या ह्या बाटलीतलं घालून." आणि आता त्या बसल्या. "तीस वर्षं झाली हो. आजपासून शाळेत येऊ नका म्हणून चिठ्ठी आली. जेवलेलं नाहीत कालपासून. भिंतीकडं तोंड करून निजलेत."

मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. उखळाचा आवाज बंद झाला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पदराला पुसले.

गुरुजींच्या मंडळी गेल्यावर मी वैद्यांसमोर जाऊन सगळं सांगितलं. चिकट पाला, बोंडं, बाईंनी दाखवलेले हात, सगळं. मला वाटलं ते मला कामावरून काढतील, आणि काढावंच असंही वाटत होतं.

त्यांनी ती बाटली उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "तुम्ही काय केलंत? परवान्याप्रमाणे तोललंत. मी असतो तर काय केलं असतं? पोतं परत केलं असतं. फरक एवढाच." नंतर म्हणाले, "तो लहान फरक नाही."

त्यांनी त्याच दिवशी चूर्णाची विक्री थांबवली, ज्यांनी त्या घाण्यातल्या बाटल्या नेल्या होत्या त्यांच्याकडे निरोप पाठवून त्या परत मागवल्या, आणि स्वतः इन्स्पेक्टरना बोलावून सांगितलं, "माझ्या औषधानं एका माणसाला नशा आली. चौकशी करा." माझ्या समजुतीप्रमाणे त्या खात्याकडे अशी तक्रार औषध करणाऱ्यानंच केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. इन्स्पेक्टर डोकं खाजवत राहिले. मग त्यांनी मोहोर लावलेल्या पुड्यांतली एक सरकारी प्रयोगशाळेत पाठवली.

उत्तर यायला दोन महिने लागले. ते दोन महिने गुरुजी घरी होते. वैद्य दर आठवड्याला त्यांना भेटायला जात. एकदा मीही गेले. मला त्यांची माफी मागायची होती. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काटा बरोबर होता ना?"

"होता, गुरुजी."

"मग गणितात चूक नाही," ते म्हणाले. "उदाहरणच चुकीचं दिलेलं होतं." मला बरं वाटावं म्हणून ते बोलले, हे मला कळलं, आणि त्यानं मला अधिकच वाईट वाटलं. त्यांचा चेहरा दोन महिन्यांत लहान झाला होता. ते घराबाहेर पडत नव्हते. समोरच्या गल्लीतून जाणारी पोरं मुद्दाम हसतात असं त्यांच्या मंडळींनी मला दारात सांगितलं.

मग अहवाल आला. इन्स्पेक्टर तो घेऊन आले आणि त्यांनी तो वैद्यांच्या हातात दिला. टाइप केलेल्या चार ओळी. नमुन्यात भांग आढळली. तिचं प्रमाण परवान्यात दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. सबब आक्षेप नाही.

"सुटलात तुम्ही," इन्स्पेक्टर म्हणाले.

वैद्यांनी कागद दोनदा वाचला. "आणि तिचा जोर? किती चढते ते?"

"ते विचारलेलंच नसतं, वैद्य. कायदा वजन मागतो. भांग किती घातली ते बघा म्हणतो. घातलेली भांग कशी आहे ते मोजायचं काही साधन निदान माझ्याकडे तरी नाही."

"म्हणजे पोत्यात गवत असलं तरी दहात एक, आणि जहर असलं तरी दहात एक."

इन्स्पेक्टर पाणी पिऊन गेले.

वैद्यांना वाटलं होतं, अहवालानं गुरुजींचं निर्दोषपण सिद्ध होईल. झालं उलटंच. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष वकील होते. वैद्य अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा मी बरोबर होते, तोलल्याची वही घेऊन. वकीलसाहेबांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढून मेजावर ठेवला.

"वैद्यराज, तुम्ही तर आमचं काम सोपं केलंत. हा कागद काय म्हणतो? औषध कायद्यात बसतं. कायद्यात बसतं म्हणजे त्यानं नशा येत नाही, नाहीतर ते कायद्यात बसलंच नसतं. मग गुरुजींना नशा आली ती या औषधानं नाही. दुसऱ्या कशानं तरी आली. ते काय घेतात ते आम्हाला सांगत नाहीत, एवढंच."

"मी सांगतोय ना, औषधानं आली म्हणून."

"तुम्ही चांगले गृहस्थ आहात. जुन्या रोग्याला वाचवायला बघताय. पण सरकारी कागदापुढे तुमच्या शब्दाला आम्ही किती वजन द्यायचं?"

वैद्य उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "शब्दाला देऊ नका. रविवारी कमिटी शाळेत बोलवा. प्रयोगशाळेत गेलेल्या पुडीची जोडपुडी माझ्याकडे आहे, मोहोर लावलेली. ती इन्स्पेक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर फोडायची. गुरुजी घेत तेवढाच डोस मी घेतो. तुम्ही बघत बसा."

वकीलसाहेब हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

रस्त्यात मी वैद्यांना म्हटलं, "तुमचं वय..." ते म्हणाले, "गुरुजींपेक्षा चार वर्षांनी जास्त. प्रयोगाला फारसा बाध नाही." पण त्यांनी भांग कधी घेतलेली नव्हती, होळीलासुद्धा नाही, हे त्यांनी मला त्या शनिवारी सांगितलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमलो. कमिटीचे पाचजण. त्यांत एक डॉक्टर होते, ॲलोपथीचे, आयुर्वेदावर फारसा विश्वास नसलेले. हेडमास्तर. इन्स्पेक्टर सुट्टीचा दिवस असून गणवेशात आले होते. गुरुजींना बोलावणं होतं, ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते आले आणि मागच्या बाकावर भिंतीशी बसले. मी वैद्यांच्या शेजारी, नाडी मोजायला.

डॉक्टरांनी आधी वैद्यांच्या तोंडाचा वास घेतला, डोळे पाहिले, नाडी पाहिली. "स्वच्छ," ते म्हणाले. इन्स्पेक्टरनी मोहोर सगळ्यांना दाखवून फोडली. मी अर्धा चमचा चूर्ण ताकात ढवळलं. वैद्यांनी पेला एका दमात रिकामा केला.

अध्यक्षांनी अट घातली, दर पंधरा मिनिटांनी एकोणीसचा पाढा म्हणायचा. गुरुजी त्या दिवशी तोच शिकवत होते म्हणे. पहिल्या वेळी वैद्यांनी पाढा झरझर म्हटला. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या, चौथ्या वेळीही. तास झाला. अध्यक्ष घड्याळ बघू लागले. एकजण म्हणाले की बारा वाजून गेले, जेवणाची वेळ झाली. त्या क्षणी मी मनात काय मागत होते ते आज सांगायला हरकत नाही: या देवमाणसाला लवकर नशा येऊ दे, असंच मागत होते.

सव्वा तासानंतर वैद्य गप्प झाले. आपल्या हाताची नखं निरखत राहिले. मी नाडी धरली, ती धावत होती. डॉक्टर पुढे सरकले.

"म्हणा पाढा," अध्यक्ष म्हणाले.

"एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक..." ते थांबले. आम्ही वाट पाहिली. "हे मी आत्ताच म्हटलं ना?"

"नाही. चोक किती?"

"चोक," वैद्य म्हणाले आणि त्यांना हसू आलं. "चोक. काय शब्द आहे बघा." ते हसत सुटले. मी त्यांना वर्षभरात दोनदासुद्धा मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कमिटीतले दोघे आधी त्यांच्याबरोबर हसायला लागले, मग ते हसणं थांबेना तसे गप्प झाले. डॉक्टरांनी बोटानं त्यांच्या डोळ्याची पापणी वर केली. डोळा लालभडक होता.

आणि मग हसू एकदम गेलं. वैद्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, हात सोडू नका. मी खाली जातोय."

"तुम्ही खुर्चीवर आहात, वैद्यकाका." याआधी मी त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं.

"किती वेळ झाला? दिवस गेला का?"

"दोन मिनिटं झाली."

ते थरथरू लागले. कुणाला काय करावं सुचेना. डॉक्टर बॅग उघडत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून गुरुजी उठले. माठातून तांब्या भरून घेतला, वैद्यांसमोर जमिनीवर बसले आणि तांब्या त्यांच्या हातात दिला.

"पाणी घ्या. आत्ताच प्यालात असं वाटेल, तरी घ्या. तोंड सुकतं." त्यांनी वैद्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "भिऊ नका. मरत नाही माणूस. मलाही तसंच वाटलं होतं. उतरतं हळूहळू. मला चार तास लागले. डोळे मिटू नका, मिटले की जास्त फिरतं. माझ्याकडं बघा."

वैद्य त्यांच्याकडे बघत राहिले. गुरुजी हळू आवाजात बोलत राहिले, मुलाला पोहायला शिकवताना बोलावं तसं. मध्ये कानडीतही काही बोलले. हेडमास्तर उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, पुडी तीच होती ना?"

"तीच. मोहोर माझी," इन्स्पेक्टर म्हणाले.

वैद्यांना पूर्ण ताळ्यावर यायला संध्याकाळचे पाच वाजले. तोवर गुरुजी तिथून हलले नाहीत. मी वैद्यांना टांग्यानं घरी पोचवलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "याला मी गेली वीस वर्षं 'किंचित गुंगी' असं लिहितोय लेबलावर."

पुढच्या आठवड्यात गुरुजी शाळेत रुजू झाले. कमिटीच्या इतिवृत्तात आधीच्या सभेत 'नशेच्या अमलाखाली' असे शब्द लिहिले गेले होते. वैद्यांनी ते काढायला लावले. कारकुनानं त्यावर एक रेघ ओढली आणि वर 'औषधाच्या परिणामामुळे' असं लिहिलं. रेघेखालचे शब्द सहज वाचता येत होते. गुरुजी म्हणाले, राहू द्या, गाळलेलं दिसलेलं बरं.

वैद्यांनी खात्याला सविस्तर पत्र लिहिलं. मसुदा मी केला. भांगेचं नुसतं वजन न बघता तिचा जोरही बघावा, पानं आणि फुलोरा वेगळा काढल्याशिवाय पोत्यावर शिक्का मारू नये, अशी दोन पानं. उत्तर आलं की पत्र मिळालं, मुद्दे नोंदवून घेतले आहेत. चूर्णाचं प्रमाण मर्यादेत असल्यामुळे परवाना चालू ठेवायला हरकत नाही. वैद्यांनी ते उत्तर वाचलं आणि परवाना परत करतो असं कळवलं.

"निम्मी भांग घालून करू की आपण," मी म्हटलं. "दहात अर्धा भाग."

"कशाच्या निम्मी?" त्यांनी विचारलं.

उरलेला पाला नष्ट करायला इन्स्पेक्टर पंच घेऊन आले. मागच्या अंगणात खड्डा करून पोतं पेटवायचं ठरलं. काडी लावणार तोच उखळावरच्या बाई धावत आल्या.

"सायब, वारा कुटनं येतोय ते तरी बगा की! समदी गल्ली नाचायला लागंल."

मग सगळे हसले आणि आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. पंचनाम्यात परवाना का सोडला याचं कारण लिहायचं होतं. इन्स्पेक्टरनी बराच विचार केला आणि 'स्वेच्छेने' एवढंच लिहिलं. आपली किल्ली त्यांनी वैद्यांच्या हातात दिली. कपाट नंतर सुंठीसाठी वापरायला लागलो.

पोटाच्या रोग्यांना वैद्य त्यानंतर डाळिंबाच्या सालीचं चूर्ण देत. त्यानं पूर्वीइतका उतार पडत नाही अशी पुष्कळांची तक्रार असे, आणि ती खरी होती. गुरुजींनाही पडत नव्हता. त्यांनी दुपारचं जेवणच बंद केलं, शाळा सुटल्यावर जेवू लागले. मी आणखी दोन वर्षं तिथं काढली. त्या दोन वर्षांत येणारं प्रत्येक पोतं, मग ते कशाचंही असो, मी तोलण्याआधी बाईंच्या हातात द्यायची. त्या चिमटीत धरून मान हलवायच्या, मग मी तराजू घ्यायची.

लग्न ठरल्यावर मी गुरुजींच्या घरी पत्रिका द्यायला गेले. बोलता बोलता मी विचारलं, शाळेत मुलं त्रास देतात का. ते म्हणाले, पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सगळे चिडीचूप. पाढा सुरू केला तर कुणी वर बघेना. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"गुरुजी, त्या दिवशी तुमाला काय झालतं?"

"औषध चढलं होतं," गुरुजींनी सांगितलं.

"आता बरं हाय?"

"हाय."

"मग एकोणीसचा ऱ्हायलाय आमचा," ती म्हणाली, आणि बसली.